उन्हाळ्यातला मफलर

लिफ्टकाकांच्या जगात माणसांना नावं नव्हती, मजले होते. "आज तिसरा लवकर आला," असं ते घरी सांगायचे, किंवा "सातव्याच्या मुलीचं जमलं एकदाचं." त्यांच्या बायकोलाही याची इतकी सवय झाली होती की भाजी निवडता निवडता ती विचारायची, "चौथ्याचा खोकला गेला का हो?" ज्या माणसाला ठरलेला मजला नाही, तो काकांच्या लेखी आलाही नाही आणि गेलाही नाही.

इमारत जुनी, कचेऱ्यांची. लिफ्टही जुनीच, जाळीच्या दरवाजाची. दाराशेजारच्या कोपऱ्यात बटणांची पाटी आणि तिच्यासमोर काकांचं स्टूल. जागा इतकी अपुरी की गुडघे पाटीला टेकायचे आणि पाठ माणसांकडे व्हायची. काका नोकरीला लागले तेव्हा आधीच्या म्हाताऱ्या लिफ्टमननं त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. "लिफ्टमध्ये माणूस अवघडलेला असतो. त्याच्याकडे बघायचं नाही. बटणांकडे बघायचं." काकांनी ती शिकवण जन्मभर पाळली. कुणी आत आलं की त्यांची नजर पाटीवर. आवाज कळायचे, बूट-चपला कळायच्या, घरून कोण भांडून आलंय ते श्वासावरून कळायचं. पण तिसऱ्या मजल्याला मिशा आहेत की नाहीत, हे त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं.

आणि नेमक्या अशा माणसावर शपथेवर चेहरा ओळखायची वेळ आली.

पाचव्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. तिथं रिसेप्शनला बसणारी मुलगी म्हणजे काकांच्या नियमाला एकुलता एक अपवाद. तिला ते 'पाचवी' म्हणत नसत, 'पोरी' म्हणत. कारण ती लिफ्टमध्ये शिरल्याशिरल्या बोलायला लागायची. "काका, काल एक आजोबा आले, कवळी टोचते म्हणून तक्रार घेऊन. आणि कवळी कुठे? तर घरी, वाटीत!" पाच मजले संपायचे, पण हिची गोष्ट संपायची नाही. उरलेली संध्याकाळी, खाली जाताना.

ऐन उन्हाळ्यातली दुपार होती. डॉक्टर जेवायला गेले होते आणि मुलगी आतल्या कपाटापाशी काहीतरी आवरत होती. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. पाठीमागून कुणीतरी आलं, तिच्या डोक्यात काहीतरी जड घातलं आणि दातांच्या कामासाठी ठेवलेलं सोनं घेऊन गेलं. मुलगी वाचली, पण डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं. मारणारा तिनं पाहिलाच नव्हता. पाहिला असेल तर एकट्या काकांनी. कारण त्याच सुमाराला एक माणूस पाचव्यावर लिफ्टमध्ये चढला होता आणि तळमजल्यावर उतरून निघून गेला होता.

"कसा होता दिसायला?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"बघितलं नाही, साहेब."

"अहो, पाच मजले एका खोक्यात दोघंच होतात!"

"होतो. पण मी बटणांकडे बघत होतो."

"बटणं काय पळून जाणार होती?"

काका खजील झाले. त्यांनी मनावर ताण देऊन देऊन आठवलं. माणूस घाईत होता, धापा टाकत होता, "खाली" एवढंच म्हणाला. पँट मळकट असावी. इन्स्पेक्टरांनी तेवढं लिहून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

घरी जावईबापू वाटच बघत होते. जावई स्वभावानं चांगला, लाघवी, पण गुन्ह्यांच्या मालिकांचा भारी नाद. दर आठवड्याला 'सत्य घटनेवर आधारित' असं म्हणत एक मालिका लागायची, आणि ती बघायला तो बायकोला घेऊन सासरी यायचा, कारण सासऱ्यांचा टीव्ही मोठा होता.

"बाबा, बोटांचे ठसे घेतले का? केस सापडला का एखादा? एका केसावर पकडतात हल्ली!"

"पावडर टाकत होते काहीतरी दारावर," काका म्हणाले. "मग म्हणाले, दवाखान्यात दिवसाला इतकी माणसं दार ढकलतात, कुणाकुणाचे ठसे बघणार."

"काय हे! मालिकेत जाहिराती संपेपर्यंत रिपोर्ट हातात असतो."

"मग पोलिसांनाही जाहिराती लावून द्या," सासूबाई आतून म्हणाल्या.

पुढे एक माणूस धरला गेला. एसी दुरुस्त करणारा. दवाखान्यात पूर्वी दोनदा येऊन गेलेला, कपाट कुठं आहे ते ठाऊक असलेला, आणि त्या दुपारी कुठं होता ते धड सांगता न येणारा. सोनं मिळालं नाही. वर्तमानपत्रात फोटो आला. डावी भुवई मधोमध तुटलेली, जुन्या जखमेनं. काकांनी फोटो पाहिला, "असेल बाबा," म्हणाले आणि पान उलटलं. तेव्हा त्यांच्या मनात काहीसुद्धा हललं नाही. हे पुढे त्यांना फार आठवायचं होतं.

खटला कोर्टात उभा राहायच्या आधीच तो टीव्हीवर उभा राहिला. नावं बदलली होती, इमारत चकचकीत केली होती, दातांचा दवाखाना सोनाराचं दुकान झाला होता. पण लिफ्ट होती, आणि लिफ्टमन होता! काका टीव्हीसमोर ताठ होऊन बसले. पडद्यावरचा लिफ्टमन त्यांच्यापेक्षा उंच आणि देखणा होता. पाचव्यावर जाळी सरकली आणि दारात तो उभा राहिला. घामेजलेला, तुटक्या भुवईचा, थेट समोर बघणारा. त्या भुवईवर कॅमेरा इतका वेळ थांबला की सासूबाई म्हणाल्या, "आता काय भुवईला पाणी पाजताय का?" शेवटी पोलिसांनी विचारल्यावर लिफ्टमन ठसक्यात म्हणाला, "मी माणसं विसरतो साहेब, चेहरे विसरत नाही."

जावयानं शिट्टी मारली. लेकीनं टाळ्या वाजवल्या. काका ओशाळे हसले, पण अंगावर मूठभर मांस चढलं हे खरं.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत त्यांचं नशीब पालटलं. इतकी वर्षं ज्यांनी "नमस्कार"च्या पलीकडे शब्द उच्चारला नव्हता, ते सातव्या मजल्याचे साहेब हात मिळवून म्हणाले, "चेहरे विसरत नाही, काय!" तिसरा येता-जाता "काय, भुवई!" म्हणून पाठ थोपटायचा. आणि सगळ्यांना गोष्ट ऐकायची होती. सुरुवातीला काका खरं तेवढंच सांगायचे. माणूस चढला, "खाली" म्हणाला, उतरला. ऐकणाऱ्यांचे चेहरे पडायचे. "एवढंच?" कुणाला निराश करणं काकांच्या स्वभावात नव्हतं. मग कुणीतरी विचारायचं, "आणि ती भुवई?" काका म्हणायचे, "हो, भुवई होती ना तुटकी." पुढच्या वेळी कुणी विचारायच्या आधीच भुवई गोष्टीत आली. मग घाम आला. मग ती रोखून बघणारी नजर आली. यात लबाडी नव्हती. सांगताना त्यांना ते सगळं लख्ख दिसायचं, इतकं की खोटं बोलतोय असं वाटायला जागाच नव्हती.

म्हणून ओळखपरेडीला बोलावलं तेव्हा काका निर्धास्त गेले. भिंतीशी माणसं ओळीनं उभी. भुवई तुटकी एकाचीच. काकांनी दुसऱ्यांकडे नीट पाहिलंही नाही. बोट उचललं आणि म्हणाले, "हा."

"मग तेव्हा का म्हणत होता बघितलं नाही म्हणून?" इन्स्पेक्टर खूश होऊन म्हणाले.

"घाबरलो होतो, साहेब," काका म्हणाले. आणि ते स्वतःलाही पटलं.

दवाखान्यातली मुलगी पुन्हा कामावर यायला लागली होती. पण आता ती लिफ्टमध्ये गोष्टी सांगत नसे. आत शिरली की मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची, म्हणजे पाठीमागे कुणी येणार नाही. ओळखपरेडीची बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र तिनं काकांचा हात दोन्ही हातांत धरला. "काका, काल मी कितीतरी दिवसांनी दिवा मालवून झोपले." काकांना भरून आलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. खटल्याची तारीख लागली, सरकारी वकीलबाईंनी काकांना बोलावून धीर दिला. "तुमच्यावरच सगळी भिस्त आहे. जसं परेडीत सांगितलंत तसंच सांगायचं." काकांनी कोर्टासाठी कोट धुवायला टाकला.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, जावई आपल्या कचेरीतल्या दोन मित्रांना घेऊन आला. खास काकांची गोष्ट ऐकायला. चहा झाला. काका स्टुलावर बसतात तसे खुर्चीच्या कडेवर बसले आणि सांगू लागले. आता गोष्ट चांगली मुरली होती, कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, सगळं बसलं होतं.

"पाचव्यावर लिफ्ट थांबली. मी जाळी सरकवली. समोर हा! भुवई ही अशी तुटलेली, घाम निथळतोय. माझ्याकडे रोखून बघतोय. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी काही न बोलता गळ्यातला मफलर सारखा केला आणि..."

"कसला मफलर?" बायकोनं विचारलं. ती कपबश्या उचलत होती.

"मफलर गं. गळ्यातला."

"ऐन उन्हाळ्यात? आणि तुम्हाला मफलर होता कधी? हिवाळ्यात मी घे घे म्हणून मागे लागते तर मान टोचते म्हणता!"

मित्र खो खो हसले. जावई म्हणाला, "आई, मफलर मालिकेत होता! तपकिरी. ती लोकं हिवाळ्यात शूटिंग करत होती ना, त्या नटाला थंडी वाजत असणार." आणि तोही हसला.

काका हसले नाहीत.

कारण मफलर त्यांना दिसत होता. आत्ता, या क्षणीसुद्धा. तपकिरी, लोकरीचा, मानेवर गुंडाळलेला. आणि तो पुढून नव्हे, मागून दिसत होता. डोळ्यांसमोरच्या त्या चित्रात लिफ्टच्या दारात तुटक्या भुवईचा माणूस उभा होता, आणि अलीकडे स्टुलावर एक पाठ होती, मफलरवाली. ती पाठ म्हणजे ते स्वतः. पण माणसाला स्वतःची पाठ कशी दिसेल?

"मग पुढे काय झालं, काका?" मित्रांपैकी एकानं विचारलं.

"पुढे काही नाही," काका म्हणाले. "उतरला आणि गेला."

पाहुणे गेल्यावर बायकोनं विचारलं, "बरं नाही का वाटत? चेहरा उतरलाय तुमचा."

"अगं, तो माणूस मी बघितलाच नाही."

"कुठला माणूस?"

"ज्याला मी धरून दिलं, तो."

बायको समोर बसली. काकांनी तिला सगळं सांगितलं, अडखळत, एखाद्याला आपला आजार सांगावा तसं. चित्रात स्वतःची पाठ दिसते हे ऐकल्यावर तिनं हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "आणि ते काढून टाकलं तर खाली काय उरतं?"

काकांनी डोळे मिटले. मफलर काढला. भुवई काढली. घाम पुसला. समोरून बघणारा तो माणूसच दारातून बाजूला केला. उरली ती बटणांची पाटी, मागून येणारी धाप, आणि "खाली" हा एक शब्द. त्याच्या पलीकडे काळोख.

"आवाज?"

"आता त्या नटाचाच ऐकू येतो," काका म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्याला भुंगा लागला. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की वळून बघावंसं वाटायचं, आणि बघितलं की माणूस अवघडायचा. तिसऱ्याला मिशा होत्या. हे त्यांना पहिल्यांदाच कळलं आणि त्यानं धास्ती अधिकच वाढली. इतकी वर्षं रोज येणाऱ्याच्या मिशा ज्यानं पाहिल्या नाहीत, तो पाच मजल्यांपुरत्या परक्याची भुवई बघेल? त्यांनी स्वतःलाच उलटही समजावून पाहिलं. समजा, बघितली असेल. जाळी सरकवताना ओझरती नजर गेली असेल. फोटो पाहून काही वाटलं नाही, पण फोटोत काय, माणूस ओळखू येतोच असं नाही. मालिकेनं खोटं दाखवलं कशावरून? खरं तेच दाखवलं असेल, आणि आपल्याला आठवायला मदत झाली असेल. असं समजावलं की घटकाभर बरं वाटायचं. मग तो मफलर पुन्हा दिसायचा.

शेवटी ते सरकारी वकीलबाईंकडे गेले. बाई कामाच्या ढिगात बुडालेल्या, पण त्यांनी खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

"काका, साक्षीच्या आधी प्रत्येकाला असंच होतं. आठवण म्हणजे काय फोटो असतो का? थोडंफार मिसळतंच."

"थोडंफार नाही हो बाई. माझं त्यात काहीच नाही."

"तुम्ही परेडीत ओळखलंत ना?"

"मी तो नट ओळखला."

चष्मा काढून बाईंनी डोळे चोळले. "हे बघा. सोनं सापडलं नाही. ठसे नाहीत. न्यायाधीशांना आधीच वाटतं की एवढं सगळं टीव्हीवर मिळतं, मग पोलिसांना का मिळत नाही. तुमची साक्ष गेली तर माझ्या हातात वाराच उरतो. आणि ती मुलगी? तिला काय सांगायचं?"

काका टेबलावरच्या फायलींकडे बघत बसले.

"खोटं बोला असं मी म्हणणार नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण घरी जाऊन शांतपणे विचार करा. कदाचित आठवेल."

साक्षीच्या आदल्या दिवशी मुलगी लिफ्टमध्ये एकटीच होती. "काका, उद्या मी पण येणार आहे. मला त्याला बघायचंय, तुम्ही बोट दाखवाल तेव्हा." ती हसायचा प्रयत्न करत होती. "भीती वाटली तर तुमच्याकडे बघेन."

काकांनी पाटीवरचा पाच नंबर दाबला. बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा बटणांकडे बघितलं. लिफ्ट पोचली, ती उतरली. त्यांनी तिला सांगितलं नाही.

कोर्टाची खोली छोटी होती, पंखा कुरकुरणारा. टीव्हीतल्यासारखं तिथं काहीच नव्हतं. न्यायाधीशांना सर्दी झाली होती, कारकून जांभया देत होता. आरोपी कठड्यात उभा होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. भुवई तुटलेली होती खरी, पण माणूस नटापेक्षा बुटका, खांदे पडलेला, आणि तो रोखून वगैरे बघत नव्हता. स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मागच्या बाकावर एक म्हातारी बाई पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. ती त्याची आई असावी. तिच्या पुढच्या बाकावर दवाखान्यातली मुलगी.

वकीलबाईंनी एकेक प्रश्न विचारत काकांना पाचव्या मजल्यावर आणलं. "त्या वेळी लिफ्टमध्ये चढलेला माणूस इथं आहे का?"

एक शब्द बोलायचा होता. तो बोलला की सगळे खूश. सातवा, तिसरा, जावई, इन्स्पेक्टर, ती पोर.

"मला सांगता येत नाही," ते म्हणाले.

"परेडीत तुम्ही यांनाच ओळखलं होतं."

"हो. तेव्हा मला अगदी खात्री होती. आत्ताही डोळे मिटले की हेच दिसतात. पण त्या चित्रात मीही दिसतो, साहेब. पाठमोरा. गळ्यात मफलर घालून. मला मफलर नाही. ते उन्हाळ्याचे दिवस होते."

कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी रुमाल खाली घेतला आणि पुढं वाकून विचारलं, "मग हे चित्र आलं कुठून?"

"टीव्हीतून, साहेब. आमच्यावर एक भाग झाला होता. तो बघायच्या आधी मी पोलिसांना सांगितलं होतं की मी बघितलं नाही. तेच खरं होतं. मी बटणांकडे बघत होतो." आणि मग, गप्प बसवेना म्हणून, ते पुढे म्हणाले, "हे ते नाहीत असंही मी म्हणत नाही. असतीलही. मला माहीत नाही एवढंच मला माहीत आहे."

आरोपीच्या वकिलाला फारसं काही विचारायची गरजच उरली नाही. काका खाली उतरले. मुलगी त्यांच्याकडेच बघत होती, आदल्या दिवशी म्हणाली होती तशी. काकांना तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

पुढं यथावकाश आरोपी पुराव्याअभावी सुटला. निकालाच्या दिवशी काका गेले होते, कुणी बोलावलं नसताना. व्हरांड्यात गर्दी होती. तो माणूस आईला हाताशी धरून बाहेर आला, काकांना पाहून थबकला आणि हात जोडून म्हणाला, "उपकार झाले, काका."

काकांनी कान दिला. हा तोच आवाज का? तोच "खाली" म्हणणारा? ते वाट बघत राहिले, आत काहीतरी 'हो' म्हणेल किंवा 'नाही' म्हणेल. काहीच म्हणालं नाही. माणूस आईला घेऊन पायऱ्या उतरून गर्दीत मिसळला. आपण एका निरपराध्याला सोडवलं की एका गुन्हेगाराला, हे त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघताना त्यांना कळलं नाही, आणि पुढेही कधी कळणार नव्हतं.

जावई दोन रविवार आलाच नाही. आला तेव्हा म्हणाला, "बाबा, हातची केस घालवलीत हो."

"ती माझ्या हातात नव्हतीच, जावईबापू. टीव्हीच्या होती."

"तरी पण..." म्हणत त्यानं रिमोट उचलला. मग काय वाटलं कोण जाणे, क्रिकेट लावलं.

इमारतीत सातव्या साहेबांचा "नमस्कार" पुन्हा नुसता नमस्कार झाला. त्याचं काकांना काही वाटलं नाही. वाटत होतं ते मुलीचं. निकालानंतर ती जिन्यानं जात होती. पाच मजले चढताना तिची पावलं जाळीतून ऐकू यायची, आणि काका लिफ्ट तळमजल्यावर उभी करून ती वर पोचेपर्यंत थांबायचे.

मग एका सकाळी ती लिफ्टपाशी येऊन उभी राहिली. काकांनी जाळी सरकवली. ती आत आली, मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पाचवा मजला आला तरी उतरली नाही.

"काका, खरंच नाही आठवत?"

"नाही गं."

"तो नव्हता, असंही नाही?"

"असंही नाही."

तिनं जाळीतून दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो मला रोज दिसायचा. दारात उभा, भुवई तुटलेली. आणि मी तर कुणालाच बघितलं नव्हतं, काका. मला मागून मारलं. मग मी इतके दिवस घाबरत होते ते कुणाला?"

"त्या नटाला," काका म्हणाले.

तिला हसू आलं, रडू आल्यासारखं. "तो आता साबणाच्या जाहिरातीत नाचतो. फुगे घेऊन." तिनं डोळे पुसले. "पण तेव्हा निदान चेहरा तरी होता हो. तो आत आहे, एवढं तरी होतं. आता कुणाला घाबरायचं ते सांगा. रस्त्यात भेटतो त्या प्रत्येकाला?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून त्यांनी शब्द शोधले आणि जे जे सापडलं ते सगळं त्यांना खोटं वाटलं.

"डॉक्टर कधी येतात?" त्यांनी विचारलं.

"अजून वेळ आहे."

काकांनी लिफ्ट तिथंच बंद केली. तिच्या हातातली किल्ली घेऊन त्यांनी दवाखाना उघडला. दिवे लावले. आतली खोली पाहिली, पडदा बाजूला करून पाहिला, कपाटामागे, बाथरूममध्ये. "कुणी नाही," असं प्रत्येक ठिकाणाहून मोठ्यानं सांगत गेले. मग बाहेर येऊन पेशंटांच्या खुर्चीवर बसले. मुलगी टेबलामागे जाऊन बसली आणि थोड्या वेळानं फोन उचलून दुपारच्या पेशंटांना वेळा सांगू लागली.

खालून कुणीतरी "लिफ्ट!" म्हणून ओरडलं. मग जाळीवर थापा पडल्या.

"जा काका," फोनवर हात ठेवून ती म्हणाली. "तक्रार करतील तुमची."

"करू देत," काका म्हणाले. "डॉक्टर येऊ देत आधी."